किरणांचे माप कोण तपासतो?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या धामणगाव बढेच्या पंचक्रोशीतील एक शेतकरी. वय पंचावन्नच्या आसपास. तीस वर्षांची तंबाखू आणि तिचे ठरलेले फळ, म्हणजे गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. पुढे 'शेक' घ्यावे लागतील असे सांगण्यात आले. रेडिओथेरपीला, म्हणजेच किरणोपचाराला, आपल्याकडे शेक किंवा लाईट म्हणतात. मोठ्या शहरातील रुग्णालयात चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा तयार झाला, सीटी स्कॅन झाले आणि दहा दिवसांनी बोलावण्यात आले. ठरल्या दिवशी मलकापूरहून गाडी धरून बापलेक तिथे पोचले, तर उत्तर मिळाले, "अजून दोन दिवस थांबा. तपासणीत आकडे जुळले नाहीत."

मुलाने तिथूनच मला फोन लावला. "डॉक्टरसाहेब, मशीन चालू हाय, बाकीच्यायले शेक देऊन राह्यले. मंग आमालेच काहून थांबोलं? आमी आता दुसरीकडं जातो."

खरे सांगायचे तर माझ्याही मनात पहिला विचार तोच आला. मोठ्या दवाखान्यात खेड्यातल्या माणसाला असेच ताटकळत ठेवतात, असे मी त्या मुलाला बोलूनही गेलो. तरी त्याला म्हटले, थांब, आधी विचारून घेऊ. त्या विभागात फोन केला तेव्हा पलीकडे डॉक्टर नव्हते. वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी मला पंधरा मिनिटे समजावून सांगितले. त्यातले पुष्कळसे मला एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कोणी शिकवले नव्हते. फोन ठेवला तेव्हा मुलाला बोललेल्या वाक्याची मला लाज वाटली. आजचा लेख त्या पंधरा मिनिटांमुळे लिहीत आहे.

शेक नव्हे, मोजलेली मात्रा

आधी 'शेक' या शब्दाचाच विचार करू. पाठ दुखत असली की आपण गरम पाण्याच्या पिशवीने शेकतो. पिशवी फार गरम असेल तर चटका बसतो, निवलेली असेल तर कळते. किरणांचे तसे नाही. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलो वजनाच्या पेशीसमूहाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे झाला. रुग्णाला एका बैठकीत साधारणपणे २ ग्रे देतात. एवढ्या ऊर्जेने शरीराचे तापमान अंशाच्या एक हजाराव्या भागानेसुद्धा वाढत नाही. रुग्णाला काहीच जाणवत नाही. दोनऐवजी तीन ग्रे दिले तरी त्याला त्या क्षणी कळणार नाही, आणि एकच दिला तरी कळणार नाही. डॉक्टरला डोळ्यांनी दिसत नाही, तंत्रज्ञालाही दिसत नाही.

गोळी जास्त झाली तर पाकिटावरून कळते, सलाईन जास्त झाले तर बाटलीवरून कळते. किरणांना ना पाकीट ना बाटली. दिलेले किरण परतही घेता येत नाहीत. मात्रा बरोबर आहे की नाही हे जाणण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे आधी मोजणे.

ही मोजणी किती काटेकोर हवी? किरणमापनाची एकके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ मध्येच सुचवले होते की, गाठीला मिळणारी मात्रा ठरवलेल्या मात्रेच्या पाच टक्के अलीकडे-पलीकडे असावी, त्याहून अधिक फरक नको. पाच टक्के म्हणजे फारच थोडे, असे वाटेल. भाजीत मीठ पाच टक्क्यांनी कमी-जास्त झाले तर जिभेला कळतही नाही. परंतु कर्करोगाच्या उपचारात मात्रा आणि परिणाम यांचे नाते उभ्या चढाचे आहे. मात्रेत पाच टक्क्यांचा फरक पडला तर रोग आटोक्यात येण्याच्या शक्यतेत दहा ते वीस टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, असे या शास्त्राचे जाणकार मानतात. निरोगी भागाला होणाऱ्या इजेच्या बाबतीत तर हा फरक त्याहूनही मोठा असू शकतो.

नवे यंत्र, नवी जबाबदारी

पूर्वी कोबाल्टच्या यंत्रातून चौकोनी झोत सोडला जाई. गाठीबरोबर आजूबाजूचा निरोगी भागही भाजून निघे. तोंडाच्या कर्करोगात लाळेच्या ग्रंथी सुकत आणि मग आयुष्यभर भाकरीचा घास पाण्यावाचून गिळता येत नसे. आता लिनियर अ‍ॅक्सिलरेटर नावाचे यंत्र आले आहे आणि त्याच्यावर 'आयएमआरटी' नावाची पद्धत चालते. या यंत्राच्या तोंडाशी टंगस्टन धातूच्या शंभराच्या आसपास पातळ पट्ट्या असतात. संगणकाच्या आज्ञेनुसार त्या मागेपुढे सरकतात आणि झोताला हवा तो आकार देतात. शिवाय झोतात कुठे जास्त, कुठे कमी अशी किरणांची तीव्रता बदलतात. अनेक कोनांतून असे झोत सोडले की गाठीवर पूर्ण मात्रा जमते आणि शेजारची लाळग्रंथी बरीचशी वाचते.

याचा फायदा खरा आहे, तो जाहिरातीपुरता नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० स्त्रियांचा अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. किरणोपचारानंतर तीन वर्षांत आतड्याचा लक्षणीय त्रास जुन्या पद्धतीत ४२ टक्के स्त्रियांना झाला. रोज प्रतिमा पाहून दिलेल्या आयएमआरटीत तो २१ टक्क्यांना झाला. म्हणजे निम्म्याने कमी. रोगावरचे नियंत्रण दोन्हीकडे सारखेच राहिले.

पण जी पद्धत इतकी नेमकी, तिची चूकही तितकीच नेमकी जागा गाठते. चौकोनी झोत दोन मिलिमीटर सरकला तर फारसे बिघडत नसे. आयएमआरटीत मात्रा काही मिलिमीटरच्या अंतरात झपाट्याने उतरते. झोत सरकला तर गाठीची कड उपाशी राहील किंवा मज्जारज्जूवर भार पडेल. संगणकाच्या पडद्यावर रंगीत नकाशा कितीही सुंदर दिसला तरी तो हिशेबच आहे. यंत्राने प्रत्यक्षात काय दिले हे पडदा सांगत नाही.

रंगीत तालीम

म्हणूनच प्रयोगाच्या आधी रंगीत तालीम करतात. ज्या रुग्णासाठी आराखडा तयार झाला आहे, त्याच्या जागी टेबलावर प्लॅस्टिकचा किंवा पाण्याचा एक ठोकळा ठेवतात. त्याला 'फॅन्टम' म्हणतात. आपल्या शरीराचा मोठा भाग पाणीच असल्याने किरणांच्या दृष्टीने तो ठोकळा माणसाची जागा घेतो. त्याच्या पोटात मापनयंत्र बसवतात. एका प्रकारच्या यंत्रात हरभऱ्याच्या दाण्याएवढी हवेची पोकळी असते. किरण आले की त्या हवेत विद्युतभार निर्माण होतो आणि तो मोजून मात्रा काढतात. दुसऱ्या प्रकारात एका पाटीवर शेकडो छोटे मापक ओळीने बसवलेले असतात. मग रुग्णाचा तोच आराखडा, त्याच पट्ट्या, तेच झोत ठोकळ्यावर सोडतात आणि संगणकाने वर्तवलेली मात्रा व मोजलेली मात्रा बिंदूबिंदूने ताडून पाहतात. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जो दंडक सुचवला तो असा: मात्रेत तीन टक्के आणि जागेत दोन मिलिमीटर एवढी सूट धरून निदान ९५ टक्के बिंदू जुळले पाहिजेत.

ही मोजणी किती नाजूक असते याचे एकच उदाहरण देतो. हवेच्या पोकळीतील हवा तापली किंवा विरळ झाली की आकडा बदलतो. आपल्या जिल्ह्यात घाटाखाली मलकापूर आणि घाटावर बुलडाणा. या दोन ठिकाणच्या हवेच्या दाबात सुमारे चार टक्क्यांचा फरक पडतो. मोजणाऱ्याने तापमान आणि दाब यांची दुरुस्ती केली नाही, तर परवानगीच्या पाच टक्क्यांतील चार टक्के तिथेच संपले. म्हणून या मंडळींच्या टेबलावर थर्मामीटर आणि हवेचा दाब मोजणारे यंत्र कायम असते.

आमच्या रुग्णाच्या बाबतीत काय झाले होते? झोताला आकार देताना संगणकाने पट्ट्यांमध्ये फार अरुंद फटी ठेवल्या होत्या. अशा फटींतून यंत्र प्रत्यक्षात किती किरण देते, याचा संगणकाचा अंदाज चुकू शकतो. मोजलेली मात्रा हिशेबापेक्षा कमी भरली. म्हणून त्यांनी आराखडा सोपा करून पुन्हा बांधला, पुन्हा ठोकळ्यावर मोजला आणि दोन दिवसांनी उपचार सुरू केले. ज्याला आम्ही हलगर्जी समजलो, ती खरे तर दक्षता होती. ते दोन दिवस वाया गेले नव्हते. बापलेकांना अख्ख्या उपचारात मिळालेली ती सर्वांत मौल्यवान सेवा होती.

कमी पडलेली मात्रा ओरडत नाही

मोजणी चुकली किंवा राहून गेली तर काय होते, याची उदाहरणे पुढारलेल्या देशांतील आहेत. इंग्लंडमधील एक्झेटर येथे १९८८ मध्ये कोबाल्टचा नवा स्रोत बसवताना मापनात चूक झाली आणि २०७ रुग्णांना सुमारे २५ टक्के जास्त मात्रा गेली. न्यूयॉर्कमध्ये २००५ मध्ये जिभेच्या मुळाशी कर्करोग असलेल्या एका तरुण माणसाचा आयएमआरटीचा आराखडा बदलायचा होता. साठवताना संगणक अडकला आणि पट्ट्यांची माहिती साठवलीच गेली नाही. तीन दिवस पट्ट्या सताड उघड्या ठेवून किरण दिले गेले. ठोकळ्यावरची तालीम पहिल्या दिवसाच्या आधी व्हायला हवी होती. ती तिसऱ्या दिवसानंतर झाली आणि तेव्हा चूक दिसली. तो रुग्ण २००७ मध्ये वारला. अर्ध्या-पाऊण तासाच्या कामात उलटापालट झाली आणि एक जीव गेला.

फ्रान्समधील एपिनाल गावी २००४ आणि २००५ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या वीसहून अधिक रुग्णांना अशीच जास्त मात्रा गेली. नवी संगणकप्रणाली इंग्रजीत होती आणि वापरणाऱ्यांच्या हाती त्यांच्या भाषेतील माहितीपुस्तिका नव्हती. परक्या भाषेतील सूचना अंदाजाने वाचण्याची सवय असलेल्या आपल्या देशाने हे उदाहरण विसरू नये.

परंतु माझ्या मते सर्वांत अस्वस्थ करणारी घटना यापेक्षा वेगळी आहे. इंग्लंडमधीलच स्टोक-ऑन-ट्रेंट येथे १९८२ ते १९९१ अशी नऊ वर्षे हजारावर रुग्णांना ठरवल्यापेक्षा कमी मात्रा मिळत राहिली, काहींना ३० टक्क्यांपर्यंत कमी. अंतराची दुरुस्ती संगणक स्वतःच करत होता आणि कर्मचारी ती हाताने पुन्हा एकदा करत होते. नऊ वर्षे कुणाच्याही लक्षात आले नाही. कारण जास्त मात्रा झाली तर कातडी सोलते, तोंड फुटते, रुग्ण ओरडतो. कमी मात्रेचा रुग्ण उलट सांगतो, "मला तर काहीच त्रास झाला नाही." वर्षभराने गाठ परत येते तेव्हा नातेवाईक नशिबाला दोष देतात आणि आम्ही डॉक्टर रोगाला. यंत्राकडे बोट कोणीच दाखवत नाही. कमी पडलेली मात्रा ओरडत नाही, म्हणून तिला शोधावे लागते.

तपासणाऱ्याला तपासणारा

मोजणारेच चुकले तर? याचीही सोय आपल्या देशात आहे आणि तिचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. किरणोत्साराच्या वापरावर देखरेख करण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. त्याचे कार्यालय मुंबईतच आहे. या मंडळाच्या परवान्याशिवाय किरणोपचाराचे यंत्र चालवता येत नाही, आणि विकिरण सुरक्षा अधिकारी असल्याशिवाय परवाना मिळत नाही. रुग्णालयातील मापनयंत्रे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील प्रमाण मापांशी ताडून घेतली जातात. वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ घडवण्याचा अभ्यासक्रमही याच केंद्राने १९६२ मध्ये सुरू केला. भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर करायचा हा अभ्यासक्रम आहे. म्हणजे ठोकळ्यावर मोजणारी व्यक्ती साधी यंत्रचालक नसते, हे ध्यानात घ्यावे.

याशिवाय एक टपालाची परीक्षा असते. विशिष्ट रसायनाची पूड भरलेल्या छोट्या कुप्या भाभा केंद्राकडून रुग्णालयाला जातात. रुग्णालयाने त्यांवर सांगितलेली मात्रा द्यायची आणि परत पाठवायच्या. ती पूड तापवली की शोषलेल्या किरणांच्या प्रमाणात उजेड देते. त्यावरून केंद्र खरी मात्रा काढते आणि ती रुग्णालयाच्या दाव्याशी ताडून पाहते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून जगभर अशी परीक्षा घेत आल्या आहेत. एक्झेटरची चूकही बाहेरच्यांनी स्वतंत्र मापन केले तेव्हाच उघडी पडली होती. घरच्या तराजूने घरचेच वजन तपासले तर चूक सापडत नाही, हे बाजार समितीत कापूस नेणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता माझे म्हणणे

किराणा दुकानातील काट्यावर सरकारी शिक्का असतो. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचे माप मागता येते. रुपयाच्या मालासाठी आपण एवढे जागरूक असतो. मग ज्या मापावर बापाचा किंवा आईचा जीव अवलंबून आहे, त्या मापाबद्दल आपण एकही प्रश्न विचारत नाही हे बरे नव्हे.

पहिली गोष्ट लोकप्रतिनिधींसाठी आणि देणगीदारांसाठी. कर्करोगाचे यंत्र मिळावे म्हणून निवेदने दिली जातात, आणि ती द्यावीतच. आपल्या भागातील माणसाला नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई असे हेलपाटे घालावे लागतात, ते कमी व्हायला हवेत. पण निवेदनात यंत्राबरोबर भौतिकशास्त्रज्ञाचे पद, मापनसाहित्य आणि मोजणीसाठी यंत्राचा राखीव वेळ हेही लिहावे. यंत्राची फीत कापताना छायाचित्र निघते, ठोकळ्यावर मोजताना निघत नाही. म्हणूनच काटकसरीची कुऱ्हाड पहिल्यांदा मोजणीवर पडते. गर्दीच्या रुग्णालयांत ही मोजणी बहुधा दिवसाचे रुग्ण संपल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री होते. दमलेल्या एका माणसावर सगळा भार टाकणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट रुग्णालयांसाठी. उपचार संपल्यावर रुग्णाच्या हाती जो कागद देता, त्यावर एकूण मात्रा, बैठकांची संख्या आणि 'आराखडा अमुक तारखेला मोजून तपासला' ही ओळ मराठीत लिहा. बाहेरच्या परीक्षेचा निकाल दर्शनी भागात फलकावर लावा. असा फलक मी अजून कुठे पाहिलेला नाही. जो दवाखाना तो लावील त्याच्यावर लोकांचा विश्वास वाढेल, कमी होणार नाही. आणि रुग्णाला थांबवताना कारण सांगा. 'आकडे जुळले नाहीत' एवढे सांगून भागत नाही. 'मात्रा कमी भरत होती, ती दुरुस्त करतो आहोत' असे सांगितले असते तर त्या मुलाने दुसरीकडे जाण्याची भाषा केली नसती.

यावर कोणी म्हणेल, रांगा आधीच लांब आहेत. प्रत्येक आराखडा मोजत बसलो तर रोग वाढेल. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. साध्या आराखड्यांसाठी दुसऱ्या, स्वतंत्र संगणकाने हिशेब पडताळून पाहावा आणि प्रत्यक्ष मोजणी अवघड आराखड्यांवर केंद्रित करावी, असा विचार जगभर चालू आहे. तज्ज्ञांनी तो जरूर करावा. मात्र मोजणी कमी करायचीच असेल तर ती शास्त्राच्या आधाराने करावी. माणूस नाही म्हणून ती गाळली जाऊ नये.

तिसरी गोष्ट आपल्या सर्वांसाठी. उपचार सुरू होण्यापूर्वी नम्रपणे विचारा: माझ्या माणसाचा आराखडा मोजून पाहिला का? एकूण किती ग्रे, किती बैठका? रोज जागा कशी तपासणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि यंत्राचे माप बरोबर असले तरी आपण ते बिघडवू शकतो, हेही लक्षात ठेवा. रुग्णाचे वजन फार घटले की मुखवटा सैल होतो, चेहरा आत हलतो आणि आराखडा जुना ठरतो. म्हणून दूध, अंडी, वरणाचे घट्ट पाणी, पातळ खीर, जे गिळता येईल ते चालू ठेवा. मुखवटा सैल वाटला तर त्याच दिवशी सांगा, संकोच करू नका. पेरणी आहे, लग्न आहे, सण आहे म्हणून बैठक चुकवू नका. डोके-मानेच्या कर्करोगात उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते. एवढे मोजूनमापून दिलेले किरण आपणच पाण्यात घालवायचे का?

हे वाचून कोणी किरणोपचाराला घाबरू नये. वर सांगितलेल्या दुर्घटना विरळ आहेत, आणि त्या उघडकीस आल्या म्हणूनच आजचे नियम कडक झाले. किरणांच्या भीतीने उपचार सोडून जडीबुटीच्या मागे लागलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी कोणी परत माझ्याकडे रक्तदाब तपासायला आले नाही.

आमचा शेतकरी मात्र येतो. तीस बैठका, साठ ग्रे, सहा आठवडे असा पूर्ण उपचार त्याने घेतला. तोंड अजून थोडे कोरडे पडते, पण भाकरी दुधात कुस्करून खातो. तंबाखू सुटली आहे. पुढे काय होईल हे काळ ठरवील. परवा त्याचा मुलगा सोबत आला होता. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ते दोन दिवस थांबलो ते बरं झालं." मी मान डोलावली. त्याला थांबवणारा मी नव्हतोच. आम्हा दोघांनाही थांबवले होते ते एका प्लॅस्टिकच्या ठोकळ्याने आणि त्यावरचा आकडा लपवून न ठेवणाऱ्या एका प्रामाणिक माणसाने.